बाळाची मान: आजी विरुद्ध डॉक्टर हा वादच चुकीचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत हल्ली बाळंतिणीच्या खोलीत एक वाद हमखास होतो. सून मोबाइलवर पाहते की बाळाला पहिल्या दिवसांपासून जागेपणी थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं, म्हणजे मान लवकर बळकट होते. सासू म्हणते, मान न धरलेलं बाळ पालथं कसं घालायचं, श्वास कोंडला तर? माहेरची आई म्हणते, रोजचं तेल आणि गरम पाणी नीट झालं की मान आपोआप येते. मग कुणीतरी डॉक्टरांचं नाव काढतं, कुणी 'आमची मुलं काय मोठी झाली नाहीत का' असं विचारतं, आणि दोन मिनिटांत प्रश्न बाळाचा उरत नाही. जुनं खरं की नवं खरं, घरात शब्द कुणाचा चालणार, यावर सगळे बोलू लागतात. शिकलेली माणसं तर या वादात आणखी कठोर होतात. त्यांच्या लेखी आजी म्हणजे अंधश्रद्धा आणि मालीशवाल्या मावशी म्हणजे धोका, विषय संपला.

मला हा वाद चुकीच्या जागी चाललेला दिसतो. मान तेलानं येत नाही आणि मोबाइलवरचा व्हिडिओ बघूनही येत नाही. बाळ जागं असताना, पोटावर, सपाट आणि कठीण जागेवर, समोर ओळखीचा चेहरा असताना स्वतः जी धडपड करतं, त्या धडपडीतून मान येते. ती धडपड घडू द्यायला शेजारी एक मोठं माणूस लागतं, ज्याच्याकडे वेळ आहे आणि धीर आहे. आपल्या बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आजी, नाहीतर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी मावशी. या दोघींना बाहेर ठेवून दिलेला सल्ला उंबऱ्याच्या आत टिकत नाही. आणि त्यांच्यापर्यंत तो त्यांच्या भाषेत पोचवणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे, घराघरातल्या भांडणांवर सोडून देण्याचं नव्हे.

आधी मान धरणं म्हणजे नेमकं काय घडतं ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू हे वगळून पुढे जातात. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. एवढा भार पेलायला मानेच्या मागचे, पुढचे आणि बाजूचे स्नायू तर लागतातच, शिवाय डोळ्यांना दिसणारं, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कळणारं आणि स्नायूंनी करायचं, या तिन्हींची जुळणी मेंदूत व्हावी लागते. शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. आधी मान, मग खांदे, मग पाठ, कंबर आणि शेवटी पाय. म्हणून मान हा पुढच्या बसण्या-रांगण्याचा पाया. पोटावर ठेवलेलं नवजात बाळ सुरुवातीला फक्त नाक मोकळं करण्यापुरतं तोंड एका बाजूला वळवतं. साधारण दोन महिन्यांपर्यंत ते पोटावर असताना डोकं वर उचलू लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोपरांवर भार घेऊन छाती उचलतं, आणि चौथ्या महिन्यापर्यंत कडेवर घेतल्यावर त्याची मान आधाराशिवाय स्थिर राहू लागते. यातली एकही पायरी दुसऱ्या कुणाला बाळासाठी चढून देता येत नाही. मालीशनं बाळ निवांत होतं, त्याला स्पर्श मिळतो, त्याच्याशी बोलणं होतं, हे सगळं मोलाचं आहे. पण बाळ उताणं पडलेलं असताना त्याच्या मानेला कितीही तेल चोळलं तरी त्या मानेनं डोक्याचा भार उचललेला नसतो.

आता आजीची बाजू, तिच्या सगळ्यात मजबूत रूपात. आजी म्हणते, मी पाच मुलं वाढवली, माझ्या सासूनं आठ वाढवली, कुणी घड्याळ लावून बाळ पालथं ठेवलं नाही आणि तरी सगळ्यांनी मान धरली. हे खरं आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. बाळाची वाढ ही सहजासहजी अडणारी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 महिन्यांपासून 9.2 महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. म्हणजे दोन पूर्ण निरोगी मुलांत पाच महिन्यांहून जास्त अंतर असू शकतं. आजीचा अनुभव या पसरट वास्तवाशी जुळतो, मोबाइलवरचं तारीखवार वेळापत्रक जुळत नाही.

पण आजीनं वाढवलेली ती बाळं दिवसभर होती कुठे, हे कुणी विचारतं का? ती कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर, मांडीवर, कडेवर होती. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून भावंडांच्या मध्ये सोडलेली होती. आणि रोज सकाळी न्हाणीत पाटावर पाय पसरून बसलेल्या बाईच्या नडग्यांवर ती पोटावर पडलेली होती. पाठीला तेल, मग पाठीवर गरम पाणी, आणि तेवढा वेळ बाळ मान वर काढायची खटपट करत होतं. पालथं ठेवणं आपल्या रीतीत होतंच, फक्त त्याला वेगळं नाव देण्याची गरज कुणाला पडली नव्हती. आज त्याच घरात काय उरलंय? बेळगावातल्या शहापूर-अनगोळच्या दोन खोल्यांच्या घरात जमीन फरशीची आणि थंड, भावंडं एक किंवा नाहीत, मावशी सव्वा महिना येऊन गेल्या की न्हाणं पाच मिनिटांत उरकतं. उरलेला दिवस बाळ पाळण्यात, झोळीत, हलत्या खुर्चीत किंवा उशांना टेकवून मोबाइलच्या समोर. वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे, आणि अजून स्वतः पुढे सरकता न येणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर ठेवावं हेही त्याच मार्गदर्शनात आहे. 'पूर्वी काही करावं लागत नव्हतं' या वाक्यात गफलत आहे ती इथे. पूर्वी ते सगळं घडत होतं, म्हणून मुद्दाम करावं लागत नव्हतं.

आजीची दुसरी भीती श्वासाची. ती तर मुळीच खुळी नाही. उलट या बाबतीत पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी तिच्याकडून शिकायला हवं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेत बाळांना पालथं झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जात होता, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्याच्याशी जोडलेलं आहे हे पुढे अभ्यासांतून दिसलं. 1991 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1994 मध्ये अमेरिकेत 'बाळाला उताणं झोपवा' अशा मोहिमा सुरू झाल्या आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. मग वेगळीच अडचण समोर आली. घाबरलेले पालक जागेपणीही बाळाला उताणंच ठेवू लागले, डोकी मागून चपटी होऊ लागली आणि पालथं राहण्याचा सराव बुडाला. म्हणून दुसरा सल्ला जोडावा लागला: झोप पाठीवर, खेळ पोटावर. आपल्याकडे मोबाइलवरून येतो तो या जोडीतला अर्धाच भाग, आणि आजीची भीती दुसऱ्या अर्ध्याला चिकटलेली आहे. दोन्ही अर्धे जोडले तर भांडायला उरतं काय? बाळ झोपलं की उताणं, गादी सपाट, तोंडाजवळ उशी-दुलई नाही. बाळ जागं, पोट तुडुंब नाही, मोठं माणूस हाताच्या अंतरावर, की पोटावर. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. रडकुंडीला आलं की उचलायचं. जमिनीवर अजिबात राहत नसेल तर रेलून बसलेल्या आजोबांच्या छातीवर, आईच्या मांडीवर आडवं. डोकं गोल व्हावं म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशीही मग अनावश्यक ठरते, कारण डोक्याच्या मागच्या भागावरचा दाब हलका होतो तो जागेपणी बाळाची बाजू बदलण्यानं आणि पोटावर राहण्यानं.

आता डॉक्टरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा, आणि तोही हलका नाही. न्हाऊ घालण्याच्या काही पद्धती घातक आहेत. डोकं दोन्ही तळव्यांत धरून बाळ लोंबकळत उचलणं, पाय धरून उलटं करणं, नाकात फुंकर घालणं, कानात तेल सोडणं. ज्या मानेला अजून स्वतःचा भार पेलत नाही तिच्यावर सगळ्या शरीराचा भार टाकणं कोणत्याही परंपरेच्या नावानं समर्थनीय नाही. हे थांबलंच पाहिजे. पण थांबवायचं कसं? 'मावशींना घरात घेऊ नका' असं म्हणून? ज्या घरात सिझेरियन झालेली एकटी सून आहे, नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर आहे, तिथे मावशी बंद करणं म्हणजे त्या सुनेला मिळणारा एकमेव मदतीचा हात काढून घेणं. ती तसं करणारच नाही. मावशी येत राहतील, फक्त डॉक्टरांना ते सांगितलं जाणार नाही.

आपल्याच जिल्ह्याचा अनुभव याच्या उलट सांगतो. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावानं बायका दगावत, विशेषतः जिथे डॉक्टर वेळेवर पोचत नाही अशा गावांत. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं अमेरिकन विद्यापीठाच्या साथीनं या जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात 1,620 बायकांवर एक अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, उपकेंद्रातल्या परिचारिका घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करत होत्या आणि बाळ जन्मताच आईला रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देत होत्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला हा अभ्यास जगभर वाचला गेला. त्याच्या काही वर्षं आधी, 1999 मध्ये, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू किती कमी करता येतात हे त्याच नियतकालिकातून दाखवलं होतं: तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतपणानंतरच्या 42 दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, त्या योजनेचं मूळ तिथे आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. घरातला हात काढून टाकायचा की त्या हाताला नेमकं ज्ञान द्यायचं? दोन्ही ठिकाणी उत्तर एकच निघालं. मग मानेच्या बाबतीत आपण उलटा रस्ता का धरतो? मावशींना एवढंच सांगायचं आहे: डोकं धरून उचलू नका, एक हात कायम मानेखाली ठेवा, आणि नडग्यांवर बाळ पालथं असतं तेव्हा घाई करू नका, त्याला मान काढू द्या. त्यांच्या कौशल्याचा मान ठेवून सांगितलं तर हे तीन मुद्दे त्या आपल्यापेक्षा जास्त घरांत नेतील.

या वादात वेळेचा प्रश्न कुणी काढत नाही, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. दिवसातून तीनदा बाळासमोर पालथं पडून त्याच्याशी बोला, असं सांगणं सोपं आहे. निपाणीत घरी विड्या वळणारी बाई दर हजार विड्यांमागे मजुरी घेते. तिची बोटं थांबली की पैसे थांबले. वडगाव-खासबागच्या मागावर बसणाऱ्या घरांत आई कांड्या भरते, बाप माग चालवतो, आणि बाळ आढ्याला बांधलेल्या झोळीत असतं, कारण मागाच्या खोलीत खाली सोडायला सुरक्षित जागाच नसते. झोळी वाईट म्हणायची का? ती त्या घरातली दाई आहे. पण झोळीत बाळ गुंडाळलेलं राहतं, मान वळवायला, हातावर भार घ्यायला तिथे वाव नाही. अशा बाईला 'तुम्ही बाळाकडे लक्ष देत नाही' असं सुनावणं क्रूर आहे. तिला सांगायचं ते असं: विड्यांचं सूप मांडीवर असेल तेव्हा तंबाखू उडणार नाही एवढ्या अंतरावर चटई टाक, बाळ समोर पालथं ठेव, हात चालू दे आणि तोंडानं त्याच्याशी बोलत राहा. तुझा आवाज आला की ते मान वर काढेल. घरात शाळकरी मुलगी असेल तर तिलाही हे दहा मिनिटांचं काम देता येतं. ही अर्थात तडजोड झाली; खरं तर तंबाखूची धूळ असलेल्या खोलीत बाळच नको. त्यावर खरा उपाय पाळणाघर, आणि ते मागणं हा कामगारांचा हक्क आहे.

याच वेळेच्या टंचाईतून वॉकर घरात येतो. बारशाला कुणीतरी भेट देतं, चौथ्या-पाचव्या महिन्यात मान जेमतेम स्थिर झालेलं बाळ त्यात बसवलं जातं, आणि 'लवकर चालेल' असं कौतुक होतं. वॉकरमध्ये बाळ लवकर चालायला लागत नाही. पायऱ्यांवरून कोसळून डोक्याला मार लागण्याचा धोका मात्र खरा आहे. कॅनडानं 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. त्या पैशात चांगली जाड चटई येते.

आणखी एका गोष्टीवर मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. सून म्हणते, शेजारच्या बाळानं दोन महिन्यांत मान धरली, आमचं मागे पडलं. सासू म्हणते, ह्याचा बापही उशिरानंच बसला, होईल सगळं. पहिल्या वाक्यानं विनाकारण झोप उडते, दुसऱ्यानं कधीकधी मूल कायमचं मागे पडतं. बहुतेक वेळा सासूचं खरं ठरतं, हे वर म्हटलंच आहे. पण चार महिने पूर्ण होऊनही मान डळमळत असेल, बसतं करताना डोकं सपशेल मागे पडत असेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, मान कायम एकाच बाजूला कललेली असेल, बाळ चेहऱ्याकडे बघत नसेल, तर 'होईल' म्हणून थांबू नये. जन्मल्यावर उशिरा रडलेलं, कावीळ खूप वाढलेलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलेलं बाळ असेल तर आणखी सावध. नवव्या महिन्याच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र जन्मतारखेपासून मोजायचं नाही, ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेल्या बाळानं सहाव्या महिन्यात मान धरली तर ते वेळेवरच आहे. मेंदूला इजा झालेल्या बाळांत पहिल्या वर्षात सुरू केलेल्या व्यायाम-उपचारांना जो वाव असतो तो पुढे तसा उरत नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नेमक्या याच तपासणीची आणि जिल्हा पातळीवरच्या मोफत उपचाराची तरतूद आहे. जांबोटी-कणकुंबीच्या वाडीवरच्या किती घरांना हे माहीत आहे?

इथे भाषेचा प्रश्न येतो. मला तो सीमावादाच्या घोषणांत अडकवायचा नाही. कर्नाटक सरकारची राज्यभाषा कन्नड आहे, सरकारी कागद कन्नडमध्ये निघणार, हे समजण्यासारखं आहे. मराठी गावातल्या आशाताई बहुधा मराठीच बोलतात, तोंडी सांगतात, हेही खरं. आजीला तर मराठीही वाचता येत नाही, मग छापून उपयोग काय, असं एक कन्नड मित्र मला प्रामाणिकपणे विचारतो. उपयोग असा की तोंडी सांगणं एका भेटीपुरतं असतं. आशाताईंना त्याच दिवशी लसीकरणाची यादी, गरोदर बायकांची नोंद आणि पाच वाड्या करायच्या असतात. मागे राहतो तो कागद. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, घरात वर्षभर जपून ठेवलं जातं. पण त्यातलं बाळानं कोणत्या महिन्यात काय करावं हे वाचता न आल्यामुळे ते फक्त सुईच्या तारखांपुरतं उघडलं जातं. मराठीत आणि चित्रांत ते असेल तर सून वाचेल, शाळेत जाणारा नातू आजीला वाचून दाखवेल, आणि आजी चित्रावर बोट ठेवून म्हणेल की हे तर आम्ही न्हाणीत रोज करत होतो. त्या घरातला वाद तिथेच मिटायला सुरुवात होते.

ही मागणी नियमाबाहेरची नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 मध्ये केंद्रानं राज्यांशी ठरवलेल्या संरक्षणांत, ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक 15 ते 20 टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं नमूद आहे. खानापूर तालुक्यात, बेळगाव तालुक्याच्या कितीतरी गावांत, निपाणीत मराठी बोलणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. याच नियमावर आपण फलकांसाठी, सातबाऱ्यासाठी, परिपत्रकांसाठी वर्षानुवर्षं निवेदनं देत आलो. त्या निवेदनांत बाळाच्या कार्डातली दोन पानं कधी होती का? जिल्हा आरोग्य कार्यालयाकडे पुढचं निवेदन जाईल तेव्हा त्यात सगळ्यात वर ती दोन पानं असावीत, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रानं आपल्या हद्दीतल्या न्हाऊ घालणाऱ्या बायकांना एकदा बोलावून बाहुली हातात देऊन मान कशी सांभाळायची ते मराठीत दाखवावं, हीही मागणी त्यात असावी. या बायका सरकारच्या कोणत्याच यादीत नाहीत, पण त्यांची नावं प्रत्येक गावाला पाठ आहेत.